बाभळीच्या पाटीवर नाव कोणतं? कॉलेजातल्या झाडांच्या नावांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातलं कॉलेज आहे, नाव सांगत नाही. आवार जुनं आणि ऐसपैस, एका अंगाला ओढा, ओढ्याकाठी बाभळी आणि हिवर, कुंपणाला लागून एक खैर, मागच्या माळावर कधीकाळी वनीकरणात लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि गिरिपुष्प, आणि गेटपासून ऑफिसपर्यंत दोन्ही बाजूंना सरळसोट उंच वाढलेले "अशोक". मधल्या चौकात तुळशीवृंदावन, सोनचाफा, बकुळ, कडुनिंब, सावर, सागवान, म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या कॉलेजात असतं तसंच सगळं.

नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, टीम यायची होती. प्राचार्यांनी वनस्पतीशास्त्र विभागाला सांगितलं की सगळ्या झाडांना पाट्या लावून टाका, मराठी नाव, शास्त्रीय नाव, कुळ आणि दोन ओळी उपयोग. पैसे मंजूर, ॲल्युमिनियमच्या पाट्या ठरल्या, पाट्या करणारा पण ठरला. विभागप्रमुख मॅडम आणि मी एम.एस्सी.ला एकाच बॅचचे, त्यामुळे त्यांचा फोन आला की यादी तयारच आहे, तू फक्त स्पेलिंगवरून नजर फिरव.

यादी तयार होती हे खरंच होतं, फक्त ती एक नव्हती, तीन होत्या. पहिली विभागातल्या एका निवृत्त सरांनी फार वर्षांपूर्वी स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहिलेली, त्यांचा आधार थिओडोर कुक यांचा जुन्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ, १९०१ ते १९०८ च्या दरम्यान आलेला (हे कुक साहेब पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे, म्हणजे आजच्या सीओईपीचे, प्रिन्सिपल होते). दुसरी यादी रोपं पुरवणाऱ्या नर्सरीच्या बिलामागे टाइप केलेली. तिसरी टीवायच्या पोरांनी मोबाइलच्या ॲपवर पानांचे फोटो काढून बनवलेली. मॅडमनी तिन्ही एका एक्सेलमध्ये शेजारी शेजारी टाकल्या आणि तिथेच सगळं अडलं, कारण निम्म्याहून जास्त ओळींत तिन्ही रकाने एकमेकांशी जुळेनात.

अडचण

सगळ्यात आधी बाभूळ. सरांच्या यादीत अ‍ॅकेशिया अरेबिका, नर्सरीच्या यादीत अ‍ॅकेशिया निलोटिका, ॲपच्या यादीत व्हॅचेलिया निलोटिका. पोरांना वाटलं ॲपने काहीतरी भलतंच झाड सांगितलंय, कारण त्यांच्या पुस्तकात तर अ‍ॅकेशिया. वर मागच्या माळावरच्या ऑस्ट्रेलियन बाभळीला तेच ॲप अ‍ॅकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस म्हणत होतं. एका मुलीने सरळ विचारलं, मॅडम, जी आपली बाभूळ आहे ती अ‍ॅकेशिया नाही आणि जी परदेशातून आली ती अ‍ॅकेशिया, असं कसं काय? प्रश्न एकदम बरोबर होता आणि त्याचं उत्तर त्या क्षणी तिथे कोणाकडेच नीट नव्हतं.

बाकीच्या ओळी बघा. तुळस एकीकडे ऑसिमम सँक्टम, दुसरीकडे ऑसिमम टेन्युइफ्लोरम. सोनचाफा मायकेलिया की मॅग्नोलिया. सागवान सरांच्या यादीत व्हर्बिनेसी कुळात, नव्यात लॅमिएसीत, म्हणजे तुळशीच्याच कुळात. सावर आधी बॉम्बॅकेसीत होती, आता माल्व्हेसीत, जास्वंद-भेंडीच्या घरात. आणि गेटवरचा "अशोक" नर्सरीच्या बिलावर सराका इंडिका, सरांच्या यादीत पॉलिअल्थिया लाँगिफोलिया, ॲपवर मोनून लाँगिफोलियम.

वरवर बघितलं तर ही सगळी एकाच जातीची भानगड वाटते, तीन याद्या तीन नावं, घ्या एक ठरवून. पण यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी मिसळल्या होत्या आणि माझ्या मते हे सगळं प्रकरण त्या दोन वेगळ्या करण्याचंच आहे. एक, झाडाची ओळख बरोबर पण नाव जुनं. दोन, मुळात ओळखच चुकलेली. अ‍ॅकेशिया अरेबिका, अ‍ॅकेशिया निलोटिका, व्हॅचेलिया निलोटिका ही तिन्ही नावं ओढ्याकाठच्या त्याच काटेरी झाडाकडे बोट दाखवतात, कोणीही कोणतंही वापरलं तरी झाड तेच. सराका इंडिका तसं नाही. गेटवरची उंच हिरवी झाडं सराका नाहीतच, तो आपला खोटा अशोक, आसुपालव. खरा अशोक म्हणजे सराका असोका, त्याला वसंतात खोडा-फांद्यांवर केशरी-तांबड्या फुलांचे गुच्छ येतात, आणि त्याचं एकही झाड त्या आवारात नव्हतं. गंमत म्हणजे सराका इंडिका हे नाव खऱ्या अशोकालाही लागू नाही, ती जावा-बिवाकडची, आग्नेय आशियातली वेगळी जात, आपल्याकडे वर्षानुवर्षं ते नाव चुकून अशोकाला चिकटलं. म्हणजे बिलावरची ती ओळ दोनदा चूक होती. आणि हे नुसतं पुस्तकी नाही, अशोकाची साल औषधात जाते आणि बाजारात तिच्या जागी आसुपालवाची साल खपवली जाते हे आयुर्वेदवाल्यांचं जुनं दुखणं आहे.

नाव जुनं असेल तर ते वापरणारा चुकत नाही, फक्त मागे राहतो. ओळख चुकली तर त्या पाटीवरचं पुढचं सगळं, कुळ, उपयोग, मूळ देश, एकजात चूक होतं.

बाभळीचं नाव नेमकं कशाने बदललं

हे थोडं सविस्तर सांगतो कारण त्या मीटिंगमध्ये सगळ्यात जास्त वेळ यावरच गेला आणि पाटीवर काय लिहायचं ते यावरच ठरलं.

वनस्पतींच्या नावांचा हिशोब स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसच्या १७५३ च्या ग्रंथापासून सुरू होतो, त्याआधीची नावं धरत नाहीत. त्याने बाभळीला मिमोसा वंशात टाकलं होतं (शास्त्रीय नावातला पहिला शब्द वंशाचा, दुसरा जातीचा). १७५४ मध्ये फिलिप मिलरने अ‍ॅकेशिया हा वंश मांडला, आणि पुढे वाढत वाढत त्यात जगभरातल्या तेराशेच्या वर जाती जमा झाल्या, आफ्रिका, आशिया, अमेरिका आणि सगळ्यात जास्त ऑस्ट्रेलिया. मग डीएनए तपासणी आली आणि कळलं की हा एक वंश नाहीच, चार-पाच वेगळ्या शाखा एका नावाखाली कोंबल्यात. आता वंश फुटला तर जुनं नाव कोणाकडे राहणार? नियम सांगतो की ज्या जातीवर वंशाचं नाव बांधलेलं असतं, म्हणजे त्याची टाइप, ती जिकडे जाईल तिकडे नाव जातं. अ‍ॅकेशियाची टाइप होती आपली बाभूळ. म्हणजे सरळ नियमाने बाभूळ अ‍ॅकेशियाच राहायला हवी होती आणि ऑस्ट्रेलियातल्या साडेनऊशेच्या वर जातींना रॅकोस्पर्मा म्हणावं लागलं असतं.

ऑस्ट्रेलियात वॉटल, म्हणजे तिथली अ‍ॅकेशियाच, हे राष्ट्रीय फूल, तिथे केवढा गदारोळ झाला असता कल्पना करा. तर २००३ मध्ये प्रस्ताव आला की टाइपच बदला, बाभळीच्या जागी एक ऑस्ट्रेलियन जात घ्या म्हणजे कमीत कमी नावं बदलावी लागतील. नियमावलीत अशी सोय आहे, खूप गोंधळ होणार असेल तर नाव राखून ठेवता येतं. २००५ ला व्हिएन्नात वनस्पतीशास्त्रज्ञांच्या जागतिक काँग्रेसमध्ये मतदान झालं, सुमारे ५५ टक्के मतं समितीने केलेल्या या शिफारशीच्या विरोधात पडली, तरीपण शिफारस टिकली, कारण फेटाळायला ६० टक्के लागत होती. आफ्रिकेतली मंडळी प्रचंड चिडली, त्यांच्या सवानातली सगळी छत्रीसारखी झाडं अ‍ॅकेशियाच ना. २०११ ला मेलबर्नमध्ये (हो, ऑस्ट्रेलियातच) पुन्हा वाद झाला आणि निर्णय कायम राहिला. तेव्हापासून आपली बाभूळ व्हॅचेलिया निलोटिका, हिवर व्हॅचेलिया ल्युकोफ्लिया, खैर सेनेगालिया कॅटेचू, आणि माळावरची ऑस्ट्रेलियन बाभूळ मात्र निवांत अ‍ॅकेशियाच.

हे ऐकून निवृत्त सर म्हणाले, "म्हणजे मतदानाने शास्त्र ठरवलं तुम्ही!" हा आक्षेप बऱ्याच जणांचा असतो आणि त्यात एक गफलत आहे. शाखा वेगळ्या आहेत हे मतदानाने ठरलेलं नाही, ते पुराव्याने. मतदान झालं ते फक्त जुन्या नावाची मालकी कोणाकडे यावर. वर्गीकरण हे मत आहे, पुरावा देऊन मांडलेलं, त्यावर कोणीही उद्या वेगळं मत मांडू शकतो. नाव देणं हा कायदा आहे. सोनचाफ्याचंच घ्या, मायकेलिया हा वेगळा वंश मानायचा की मॅग्नोलियातच धरायचा यावर आजही सगळ्यांचं एकमत नाही, पण एकदा तुम्ही मॅग्नोलिया मानलात की नाव मॅग्नोलिया चंपाका हेच, त्यात चॉइस नाही.

फरक पोरांना डोळ्यांनी दिसावा म्हणून आम्ही त्यांना घेऊन ओढ्याकाठी गेलो. बाभळीची फांदी हातात घेतली की पानाच्या बुडाशी पांढरे सरळ काटे जोडीने, पिवळी फुलं गोल गोंड्यात, आणि शेंग बघितली तर मण्यांच्या माळेसारखी, प्रत्येक बीच्या मध्ये आवळलेली, वरून पांढुरकी लव. खैराला काटे छोटे, वाकडे, आकड्यासारखे, शर्टाची बाही धरून ठेवतात, आणि फुलं गोंड्यात नाही, लांब तुऱ्यात. ऑस्ट्रेलियन बाभळीला काटाच नाही, आणि ज्याला आपण पान म्हणतो तो सपाट झालेला देठ. हे पोरं मानेनात, तेव्हा माळीकाकांनी झाडाखालीच नुकती उगवलेली चिमुकली रोपं दाखवली, त्यांना आधी बाभळीसारखी पिसारा-पानं होती आणि वरच्या पानात देठ हळूहळू रुंद होत जाऊन पिसारा संपत गेलेला. एका बोटभर रोपावर अख्खी गोष्ट. तीन झाडं तीन वंशांत का, हे त्यानंतर कोणाला परत सांगावं लागलं नाही.

माळीकाकांनी अजून एक बॉम्ब टाकला. ओढ्याकाठच्या बाभळींपैकी एक झाड बारीक, खराट्यासारखं वर गेलेलं होतं, फांद्या सगळ्या आभाळाकडे. काका म्हणाले ही बाभूळ नाही, ही रामकाठी. याद्यांत तिन्हीकडे नुसतीच बाभूळ. शास्त्रातही रामकाठी वेगळी ओळखली जाते, उपजात म्हणून, क्युप्रेसिफॉर्मिस नावाने. ॲपला ते जमलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर आमच्यापैकीही कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

काय काय पर्याय समोर होते

पहिला, निवृत्त सरांचा. सगळी जुनी नावं ठेवा, पोरांच्या पुस्तकात आणि स्पर्धा परीक्षेत अजून तीच आहेत, आणि उद्या नावं परत बदलली तर परत पाट्या करणार का. यात दम होता. खर्चाचा मुद्दा अगदी खरा, आणि विचारलेल्या प्रश्नाला पेपरात जुनंच नाव अपेक्षित असेल तर पोरगं मार्क गमावणार.

दुसरा, मॅडमचा. लंडनच्या क्यू इथल्या वनस्पतीबागेची जी ऑनलाइन यादी आहे, प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन, ती प्रमाण धरायची, तिथे जे स्वीकारलेलं नाव ते छापायचं, विषय संपला. एकच आधार असल्याने वाद मिटतात हा मोठा फायदा. तोटा असा की गावातला माणूस किंवा माजी विद्यार्थी पाटी वाचून म्हणणार हे काय भलतंच, आणि जुन्या नावाने शोधणाऱ्याला काहीच हाती लागणार नाही.

तिसरा पर्याय पाट्या करणाऱ्याने सुचवला, व्यवहारी माणूस. पाटीवर फक्त मराठी नाव आणि क्यूआर कोड, बाकीचं सगळं मोबाइलवर, बदलायचं तेव्हा बदला. स्वस्त आणि सुटसुटीत. पण नुसत्या मराठी नावावर विसंबायचं म्हटलं तर वेडी बाभूळ हे नाव आमच्याकडे कोणी प्रोसोपिसला म्हणतं, कोणी पार्किन्सोनियाला. दसऱ्याला आपट्याच्या नावाने कांचनाची पानं ओरबाडली जातात ते निराळंच.

प्राचार्यांचा कल पहिल्याकडे होता, कारण त्यात नवीन काही करायचं नव्हतं. मला दुसरा आणि तिसरा एकत्र करावासा वाटत होता, पण एक अट घालून, की आधी ओळख पक्की करायची, नाव नंतर. पाट्यांची ऑर्डर दिली गेलेली असल्याने ही अट कोणालाच आवडली नाही.

निर्णय आणि काम

शेवटी ठरलं ते असं. प्रत्येक झाडाला एक नंबर, ॲल्युमिनियमच्या छोट्या टॅगवर ठोकलेला, तो कधीच बदलायचा नाही. नाव त्या नंबराला जोडायचं. नावं कितीही बदलली तरी बा-७ नंबरचं झाड तेच राहतं, आणि रजिस्टरमध्ये त्याच्यासमोर जुनं नाव खोडायचं नाही, खाली नवीन लिहायचं, तारीख आणि कोणी ओळखलं ते टाकून. मोठ्या पाटीवर मराठी नाव सगळ्यात मोठं, त्याखाली आजचं स्वीकारलेलं शास्त्रीय नाव, त्याखाली बारीक अक्षरात "पूर्वीचं नाव" म्हणून जुनं. सर याला तयार झाले कारण अ‍ॅकेशिया निलोटिका पाटीवर राहणार होतं. अरेबिका मात्र पाटीवर घेतलं नाही, फक्त रजिस्टरमध्ये, नाहीतर पाटीची वंशावळ झाली असती.

प्रत्येक जातीचा एक नमुना, फूल किंवा फळासकट, दाबून वाळवून हर्बेरियम शीटवर चिकटवायचा हे पण ठरलं. हे काम कंटाळवाणं असतं, पोरं कुरकुरली. पण याला पर्याय नाही. उद्या कोणी म्हणालं की तुम्ही चुकीचं ओळखलं, तर वाद फोटोवर नाही, नमुन्यावर मिटतो, आणि शास्त्रीय नावाची अख्खी इमारत अशा नमुन्यांवरच उभी आहे. शंका असलेले नमुने मॅडम पुण्याला घेऊन गेल्या, तिथे बॉटनिकल सर्व्हेच्या पश्चिम विभागाचं हर्बेरियम आहे, जुन्या शीट्सशी ताडून बघता येतात.

तुळशीचा निर्णय सोपा निघाला. दोन्ही नावं लिनियसचीच, टेन्युइफ्लोरम १७५३ चं आणि सँक्टम १७६७ चं. दोन्ही एकच जात असेल तर आधीचं नाव चालतं, हा प्राधान्याचा नियम, खुद्द लिनियसलाही त्यात सवलत नाही. औषधांच्या बाटल्यांवर सँक्टम अजून सर्रास दिसतं, त्यामुळे "पूर्वीचं नाव" या ओळीत ते ठेवलं. कडुनिंबाने मात्र मजा आणली. लिनियसने १७५३ ला त्याला मेलिया अझाडिराक्टा म्हटलं, १८३० मध्ये ज्युसिओने वेगळा वंश केला अझाडिराक्टा. प्राधान्याने जातीचा जुना शब्द तसाच पुढे यायला हवा, म्हणजे अझाडिराक्टा अझाडिराक्टा. पण वनस्पतींमध्ये वंश आणि जात यांचं नाव हुबेहूब एकच चालत नाही, म्हणून इंडिका. प्राण्यांची नियमावली वेगळी, तिथे चालतं, नाग हा नाजा नाजा आणि चितळ अ‍ॅक्सिस अ‍ॅक्सिस. हा किस्सा पोरांना इतका आवडला की पाहुण्यांना आवार दाखवताना ती कडुनिंबापाशीच सगळ्यात जास्त वेळ काढतात.

कुळांवर मॅडमनी वेळ घालवला नाही आणि बरं केलं. सगळीकडे नवी कुळं, बाभळीपासून बहाव्यापर्यंत सगळ्या शेंगावाल्यांना फॅबेसी, बस.

लेखकांची नावं, म्हणजे शास्त्रीय नावापुढे येणारं ते कंसातलं एल. वगैरे, पाटीवर घ्यायची का यावर थोडं वाजलं. बाभळीच्या नावापुढे आज कंसात लिनियस आणि कंसाबाहेर हर्टर आणि मॅबर्ली असतं, अर्थ असा की जातीचं मूळ नामकरण लिनियसचं आणि व्हॅचेलियात नेलं ते या दोघांनी, २००८ मध्ये. सरांना ते हवंच होतं, शिस्त म्हणून. पण पाटी करणाऱ्याने नमुना पाटी आणली त्यात कंस गायब, एल. ची जागा पुढच्या शब्दाला चिकटलेली, आणि वर मोनून लाँगिफोलियमचं त्याने आपल्या मनाने लाँगिफोलिया करून टाकलं होतं, त्याला वाटलं टायपिंग मिस्टेक. त्याचा दोष नाही, शेजारच्याच ओळीत पूर्वीचं नाव लाँगिफोलिया होतं. लॅटिनमध्ये वंशाच्या लिंगाप्रमाणे शेवट बदलतो हे त्याला कोण सांगणार. मग ठरलं की लेखकांची नावं पाटीवर नाहीत, रजिस्टर आणि क्यूआरच्या पानावर. मला विचाराल तर हा निर्णय पहिल्याच दिवशी व्हायला हवा होता.

सगळ्यात अवघड निर्णय एका फायकसच्या झाडाचा. पिंपळ, वड, उंबर हे सगळे ओळखीचे, पण पाण्याच्या टाकीमागे एक मोठं झाड होतं ज्याला कोणी पायर म्हणत होतं कोणी पिपरी. ॲपने दर फोटोला वेगळं उत्तर दिलं. या गटात फळं नीट बघितल्याशिवाय, ती देठावर आहेत की बिनदेठाची, लव आहे का, हे कळल्याशिवाय जात सांगणं म्हणजे अंदाजपंचे, आणि तेव्हा झाडावर फळ नव्हतं. मॅडम म्हणाल्या पाटीवर फक्त "फायकस, जात ठरायची आहे" लिहू. प्राचार्यांना हे पटेना, टीमपुढे अर्धवट पाटी कशी दाखवायची, काहीतरी एक लिहून टाका, कोण बघतंय. मॅडम तिथे हटल्या नाहीत. त्यांचं म्हणणं, वंशापर्यंतची ओळख बरोबर आहे ती लिहू, पुढची माहीत नाही ती नाही लिहिणार, खोटं नाव लावण्यापेक्षा हे जास्त शास्त्रीय दिसेल. पाटी तशीच लागली.

पुढे काय झालं

पाट्या नॅकच्या भेटीआधी लागल्या, पण सगळ्या नाही. ओळख पक्की झालेल्या जातींच्याच लागल्या, बाकीच्या झाडांवर नुसता नंबराचा टॅग. गेटवरच्या "अशोकां"ना आसुपालव अशी पाटी लागली तेव्हा ऑफिसातल्या लोकांनीही विचारलं की मग खरा अशोक कसा असतो. मॅडमनी त्याच पावसाळ्यात सराका असोकाची रोपं आणून चौकात लावून घेतली, पाटीसकट. टीमने पाहणी केली, टाकीमागच्या फायकसपाशी एका सदस्यांनी थांबून पाटी वाचली आणि पोरांना विचारलं की जात कशी ठरवणार. पोरांनी फळांचं सांगितलं. प्राचार्य खूश झाले, आणि त्यानंतर ती पाटी जणू त्यांचीच कल्पना होती.

वाईटही झालं. पहिल्या खेपेच्या काही पाट्या ऑर्डर आधीच गेल्यामुळे चुकीच्या नावाने छापून आल्या होत्या, त्या भंगारात गेल्या आणि तेवढ्यावरून हिशोबाच्या टेबलावर बरीच बोलणी झाली. क्यूआरचं पान ज्या विद्यार्थ्याने स्वतःच्या खात्यावर बनवलं होतं तो पास होऊन निघून गेला, आणि मग दुरुस्ती करायची तर पासवर्ड कोणाकडेच नाही. नंतर विभागाच्या खात्यावर नवीन पान करावं लागलं आणि कोडचे स्टिकर परत चिकटवावे लागले. खोडावर खिळे मारायचे नाहीत हे आधीच ठरलं होतं, पण काही ठिकाणी पाटी घट्ट तारेने आवळली गेली आणि वाढत्या खोडात ती रुतायला लागली, माळीकाकांनी ओरडा केल्यावर स्प्रिंग लावल्या.

वेडी बाभूळ अजून लटकलेली आहे. सगळीकडे तिला प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा म्हणायची सवय, २०२२ मध्ये तो वंशही फुटला आणि ती नेल्टुमा ज्युलिफ्लोरा झाली. शमी मात्र प्रोसोपिस सिनरेरियाच राहिली, इथे टाइप तिच्याच बाजूला होती. निवृत्त सरांनी हे ऐकल्यावर नुसते हात जोडले.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी गोष्ट क्रमाची. आधी ओळख, मग नमुना, मग नाव, मग ऑर्डर. इथे ऑर्डर पहिली गेली आणि बाकीचं तिच्यामागे पळत राहिलं. एखाद्या कॉलेजला हे करायचं असेल तर निदान एक वर्ष झाडांबरोबर काढा, कारण फूल आणि फळ दोन्ही बघायला तेवढं लागतंच, आणि पहिल्या वर्षी फक्त नंबरांचे टॅग लावा.

माळीकाका यादीच्या कामात शेवटी आले, तेही पोरांना रोपं दाखवायच्या निमित्ताने. त्यांना पहिल्याच दिवशी बरोबर फिरवलं असतं तर रामकाठी आणि आसुपालव दोन्ही तिथल्या तिथे निघाले असते. ॲपचा वापर बंद करावा असं मी म्हणणार नाही, वंशापर्यंत पोचायला ते चांगलं आहे, पण त्याचं उत्तर यादीत थेट न टाकता "ॲपने सुचवलं" असा वेगळा रकाना ठेवायला हवा होता.

जुनं की नवं हा वाद मीटिंगमध्ये फार वेळ चालला आणि त्या नादात चुकीच्या ओळखींकडे उशिरा लक्ष गेलं. एक्सेलमध्ये सुरुवातीलाच दोन रंग केले असते, एक नाव बदललेल्यांचा आणि एक ओळख संशयास्पद असलेल्यांचा, तर लाल रंगातल्या ओळी दहा-पंधराच्या वर निघाल्या नसत्या आणि ताकद तिथे लागली असती. बदललेली नावं तर क्यूच्या यादीवरून कोणीही चहा पिता पिता काढून दिली असती.

एका बाबतीत माझं आणि मॅडमचं अजून जुळत नाही. त्यांचं म्हणणं दर वर्षी जूनमध्ये रजिस्टर नव्या यादीशी ताडून पाट्या पण बदलाव्यात. मला वाटतं रजिस्टर आणि क्यूआरचं पान दर वर्षी, पाटी मात्र गंजली किंवा पडली तरच. तूर्तास खर्चाच्या कारणाने माझं चाललंय. टाकीमागच्या फायकसला गेल्या उन्हाळ्यात फळं धरली होती, पण नमुना काढायच्या आत हरियालांनी साफ केली, त्यामुळे तिथली पाटी आहे तशीच आहे.